विद्यापीठाची टोपी



गोराईच्या म्हाडा वसाहतीत आमच्या सोसायटीच्या मधल्या चौकात क्रिकेट खेळायचे नियम वेगळे आहेत. टप्पा न पडता चेंडू कोणाच्या घरात गेला की फलंदाज बाद. वाळत घातलेल्या साडीला लागला तरी बाद. काच फुटली की खेळ बंद आणि वर्गणी सुरू. खाली एक खोली, वर चढवलेले मजले आणि मध्ये हा एवढासा चौक, अशा जागेत आमची पोरे अंडरआर्म खेळत मोठी झाली.

त्यातला एक पोरगा मात्र चौकात मावला नाही. शाळेत असताना लेदरच्या चेंडूवर खेळू लागला. डावखुरा आहे आणि चेंडू चांगला वळवतो. यंदा बारावी झाला. वडील रखवालदार, त्यांना रात्रपाळी. आई दोन घरी पोळ्या लाटते. गेल्या आठवड्यात माउली आमच्या दारात येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हीच समजवा. याचा बाप म्हणतो खेळ सोड आणि शिक. हा म्हणतो शिक्षण सोडतो पण खेळ सोडणार नाही. चुलतभावाच्या गाडीवर पार्सल पोचवायचे काम करीन म्हणतो, आणि रविवारच्या टुर्नामेंटला पैसे मिळतात म्हणतो. घरात रोज भांडण. मी कुणाचं ऐकू?"

आम्ही दोघांचेही ऐकून घेतले. गंमत अशी की, बाप आणि लेक दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली होती : शिक्षण एका बाजूला, खेळ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये गोराईची खाडी. या खाडीवर एक जुना पूल आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नव्हते. तो पूल म्हणजे विद्यापीठांची स्पर्धा. आजचा हा लेख त्या घरासाठी आहे, आणि अशा इतर घरांसाठीही.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी लोकल चर्नी रोड सोडते तेव्हा उजव्या हाताला बघावे. समुद्राच्या बाजूला मैदाने लागतात. हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना. आपल्यातले कितीतरी लोक वर्षानुवर्षे ही नावे खिडकीतून वाचत कामाला जातात. ही नुसती नावे नाहीत. या शहरात क्रिकेटचे संघ धर्मावर पडत होते. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्याचे नाव 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले'. त्यात ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध यांची सोय होती. आपण १९५६ मध्ये ज्या धम्मात गेलो, त्याची जागा मुंबईच्या क्रिकेटने आधीच ठरवून ठेवली होती : उरलेल्यांत!

ह्या उरलेल्यांनी एकदा कमाल केली हे सांगितलेच पाहिजे. १९४३ मध्ये हिंदू संघाविरुद्ध विजय हजारे यांनी एकट्याने ३०९ धावा काढल्या आणि सगळ्या संघाच्या मिळून झाल्या ३८७. तरीही सामना हरले.

आणि हिंदू संघात कोण होते? पळवणकर बंधू. चर्मकार समाजातले बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. थोरल्या बाळूंनी पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामे केली, रोलर ओढला, जाळीत साहेबांना तासन् तास चेंडू टाकले. त्या गोलंदाजीला तोड नाही हे सगळ्यांना दिसत होते. तरीही त्यांच्याच संघातले सवंगडी पॅव्हिलियनमध्ये चहा पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही ते नाहीच. ते १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलरावांना मिळाले, तेही बरीच ओरड झाल्यावर, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्यावरून आमच्यातली काही वडीलधारी मंडळी आजही त्यांचे नाव घेत नाहीत. आमचे मत वेगळे आहे. मतपेटीचा हिशोब त्याच वर्षी चुकता झाला. त्या डाव्या हाताच्या गोलंदाजीचा हिशोब मात्र अजून बाकी आहे.

आता १९३५ साल. आपल्या लोकांना हे साल तेरा ऑक्टोबरच्या येवल्याच्या घोषणेमुळे पाठ आहे. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. आणि त्याच वर्षी मुंबईचे एक पारशी गृहस्थ अर्देशर दादाभाई बारिया यांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ एक करंडक दिला. देशातल्या विद्यापीठांनी आपापसांत क्रिकेट खेळावे आणि जिंकेल त्याने तो न्यावा. ही रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा.

ह्या स्पर्धेचे वेगळेपण काय? इथे संघ पडत होता तो कॉलेजवर. मुंबई विद्यापीठाच्या संघात पारशी, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती एकाच टोपीखाली उभे राहत. समुद्राकाठच्या मैदानांवर पंचरंगी सामने १९४६ पर्यंत चालू होते. त्याच शहरातली कॉलेजची पोरे दहा वर्षे आधीपासून एका संघात खेळत होती. एका बापाने मुलाच्या आठवणीसाठी दिलेल्या करंडकाने हे काम केले.

पण थांबा. दार धर्माला उघडे झाले, म्हणजे सगळ्यांना उघडे झाले का? संघात यायचे तर आधी कॉलेजात यायला हवे. १९३५ मध्ये कामाठीपुऱ्यातला, डिलाईल रोडच्या चाळीतला, बीडीडीतला आपला पोरगा कॉलेजात कितीसा होता? गिरणीत होता, गोदीत होता, म्युनिसिपालटीच्या झाडूवर होता. टोपी सर्वांसाठी होती, पण ती ठेवलेली खुंटी उंच होती.

खुंटी खाली आणायचे काम कॉलेजांनी केले. २० जून १९४६ रोजी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. वर्ग सकाळी भरत. कारण उघड होते : दहा वाजता कारकुनाला कचेरीत पोचायचे असे. आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी पदवीधर ह्या सकाळच्या वर्गांनी घडवले. पुढे १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज झाले. बाबासाहेबांनी कॉलेज काढले तेव्हा क्रिकेटचा संघ त्यांच्या डोळ्यांपुढे होता असा आमचा मुळीच दावा नाही. पण विद्यापीठाच्या संघाकडे जाणारी वाट कॉलेजच्या हजेरीपटावरून जाते, आणि हजेरीपटावर आपली नावे आली ती त्या दरवाजातून.

आता त्या स्पर्धेने काय माणसे घडवली ते पाहा. अजित वाडेकर सायन्सचे विद्यार्थी, इंजिनियर व्हायचे डोक्यात. बसने कॉलेजला जाताना बाळू गुप्ते भेटले. ते त्याच कॉलेजच्या संघातले, वयाने मोठे. त्यांनी विचारले, संघाला बारावा गडी हवा आहे, येतोस का? दिवसाला तीन रुपये भत्ता मिळेल. वाडेकर गेले ते तीन रुपयांसाठी! बाराव्या गड्याचे काम म्हणजे पाणी नेऊन द्यायचे. तिथून ते खेळाला लागले. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका डावात ३२४ धावा काढल्या.

दिलीप सरदेसाई मडगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. मुंबईला शिकायला आले आणि १९५९-६० च्या बारिया स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्या हंगामात पाकिस्तानचा संघ पुण्यात खेळायला आला, तेव्हा भारतीय विद्यापीठांच्या संघातून ते उभे राहिले आणि ८७ धावा काढल्या. आधी विद्यापीठ, मग रणजी, मग देश, असा तो जिना होता. वाडेकरांचा ३२४ चा विक्रम मोडला तोही मुंबई विद्यापीठाच्याच एका पोराने, ३२७ धावा काढून. त्याचे नाव सुनील गावसकर.

आता १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा आठवा. आमच्या लहानपणी चाळीत रेडिओला कान लावून बसलेली माणसे आम्हाला आठवतात. भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते तेव्हा. कप्तान वाडेकर. सरदेसाईंच्या मालिकेत ६४२ धावा. गावसकरांच्या चार सामन्यांत ७७४. तिघेही मुंबई विद्यापीठाच्या टोपीतून गेलेले. आणि त्यांच्याच बरोबर एकनाथ सोलकर, ज्यांचे वडील हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत आणि जे त्याच मैदानातल्या एका खोलीत भावंडांबरोबर वाढले. बॅट्समनच्या पुढ्यात, हात लांब केला तर बूट लागेल इतक्या जवळ हा माणूस उभा राहायचा. २७ कसोटीत ५३ झेल. हेल्मेट नव्हते, बरे का!

आमचा शेजारी रखवालदार हे ऐकून म्हणाला, "भाऊ, ते सगळे मोठे लोक. आमचा कुठला गावसकर होणार?" बरोबर आहे. हजारातला एकही होत नाही. म्हणून आम्ही त्यांना विद्यापीठाच्या नियमांचे सांगितले. ते आमच्या दृष्टीने विक्रमांपेक्षा महत्त्वाचे.

विद्यापीठाकडून खेळायला मुलगा किंवा मुलगी बारावी पास हवी, मान्य कॉलेजात रीतसर प्रवेश घेतलेली हवी आणि वय पंचविशीच्या आत हवे. आधी कॉलेजच्या संघात निवड. मग कॉलेजांचे आपापसांत सामने. त्यातून विद्यापीठाची निवड चाचणी. मग विभागातील विद्यापीठांशी सामने, आणि त्यातून वर आलेले संघ अखिल भारतीय फेरीला. हे सारे भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमाखाली चालते. ही संस्था १९२५ पासूनची आहे. कॉलेज सोडले की ही सगळी वाट एका सहीने बंद होते. रविवारच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत कोणीही कुठल्याही वयात खेळू शकतो; पंचविशीनंतर खुशाल खेळावे. विद्यापीठाची वर्षे मात्र मोजकी असतात आणि परत मिळत नाहीत.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या खेळाची, कोणत्या पातळीची कामगिरी कोणत्या पदाला चालते, याचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा चालू शासन निर्णय बघावा आणि कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना नीट विचारावे. मैदानावरच्या गप्पांवर विसंबू नये. आणि प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर नव्हे, कपाटात ठेवावीत. गोराईचा पावसाळा वाचकांना माहीत आहे.

विद्यापीठाची स्पर्धा म्हणजे फक्त क्रिकेट असेही नाही. कबड्डी, खोखो, कुस्ती आहे. बेसबॉलही आहे, मुलांचा आणि मुलींचाही. लोकलच्या डब्यात चामड्याचा मोठा हातमोजा मांडीवर घेऊन बसलेली कॉलेजची मुलगी दिसली तर तो खेळ ओळखावा. स्टंप नाहीत, चार कोपऱ्यांवर चार तळ, आणि चेंडू मारून चौथा तळ गाठायचा. क्रिकेटला जशी गर्दी असते तशी तिथे नसते, म्हणून आयांनी मुलींच्या बाबतीत ह्या खेळाचाही विचार करावा असे आम्हाला वाटते.

ह्या बेसबॉलचे माहेर अमेरिका. तिथल्या विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा १९४७ मध्ये मिशिगन राज्यात कॅलमझू या गावी सुरू झाली. पहिल्या वर्षी कॅलिफोर्नियाने येलला हरवले. येलकडून खेळणारा जॉर्ज बुश नावाचा विद्यार्थी पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९५० पासून ही स्पर्धा ओमाहा शहरात भरते. आणि त्याच १९४७ च्या १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरला. त्याआधी साठएक वर्षे तिथे काळ्या माणसाला जागा नव्हती. दलित पँथरचे नाव कुठून आले हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना ह्या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण आम्हाला रॉबिन्सनपेक्षा जवळचा वाटतो तो लू ब्रॉक. लुईझियानातल्या बटाईदार शेतमजुरांच्या घरातला पोरगा. सदर्न विद्यापीठ हे तिथले काळ्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ. शिष्यवृत्तीवर तिथे गेला आणि गुण कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती गेली. घरी परतायची वेळ आली. त्याने ठरवले की बेसबॉलच्या संघात शिरून शिष्यवृत्ती मिळवायची. संघात घेतले नव्हतेच, तरी सरावाला जाऊन लांब गेलेले चेंडू आणून देऊ लागला. पोटात पुरेसे अन्न नाही आणि वर ऊन. एक दिवस मैदानावरच चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आणल्यावर प्रशिक्षकाने त्याला काही चेंडू खेळायला दिले. त्याने ते मैदानाबाहेर घालवले. शिष्यवृत्ती मिळाली. १९५९ मध्ये सदर्न विद्यापीठाने लहान कॉलेजांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा जिंकली, तेव्हा ब्रॉक त्या संघात होता. पुढे व्यावसायिक खेळात त्याने ९३८ तळ चोरले. तळ चोरणे म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून पुढच्या तळावर पळणे. ह्या चोरीला तिकडे बक्षीस असते. २०२० मध्ये तो वारला.

ही हकीकत आम्ही आमच्या डावखुऱ्याला सांगितली, तेव्हा त्याने एकच विचारले : "काका, चक्कर आली नसती तर?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या मैदानावर पोराची भूक दिसायला त्याला पडावे लागते, त्या मैदानाबद्दल काय बोलावे? म्हणून त्याच्या आईला आम्ही एवढेच म्हटले की सरावाच्या दिवशी डब्यात दोन पोळ्या जास्त, एक केळे आणि शक्य असेल तर उकडलेले अंडे.

आणखी एक गोष्ट त्याच्या वडिलांना सांगितली. ते मूळचे जालन्याकडचे. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरले ते त्यांनी लहान असताना स्वतः पाहिले आहे. घर जळालेले आहे. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी. आज त्या विद्यापीठाचे संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांना जातात तेव्हा बाबासाहेबांच्या नावाने मैदानात उतरतात. कुठल्या तरी गावात पंच नाणेफेकीला बोलावतो तेव्हा ते नाव पुकारावे लागते, पुकारणाऱ्याला आवडो वा न आवडो. रखवालदार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला पोरगा मुंबईच्या विद्यापीठाकडून खेळला आणि समोर ते आले, तर मी कुणाच्या बाजूने बसू?"

म्हणजे प्रवेश घ्यायचा हे ठरले होते!

प्रश्न उरला पैशाचा. प्रथम वर्ष वाणिज्यची फी, मागासवर्गीय सवलतीचा अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेले होते. चौथ्या खेपेला आम्ही बरोबर गेलो. पांढऱ्या बुटांसाठी सोसायटीच्या मुलांनी काच फुटल्यावर काढतात तशी वर्गणी काढली, आणि ह्या वेळी काच न फुटता. पार्सलचे काम त्याने सोडलेले नाही. संध्याकाळी सहा ते दहा करणार आहे. आम्हाला ते पसंत नाही, अभ्यास कधी करणार हा आमचा प्रश्न आहे. पण त्या घरात आमच्या पसंतीने चूल पेटत नाही.

कॉलेजच्या संघाची चाचणी येत्या मंगळवारी सकाळी सातला आहे. गोराईहून पहिल्या बसने बोरिवली, आणि तिथून गाडी. वडिलांची रात्रपाळी सहाला सुटते. ते म्हणाले की घरी न येता तसेच मैदानावर जाईन, गणवेशातच, गेटापाशी उभा राहीन, पोराला सांगू नका.